उसने शब्द

समोरची खुर्ची सरकली तेव्हा मी वर पाहिलं नाही. वाचनालयाच्या भिंतीवर एवढंच लिहिलेलं आहे की, इथे बोलू नये. पण रोज येणाऱ्यांना न लिहिलेले नियमही अंगवळणी पडतात. समोर कुणी येऊन बसलं तर हातातलं पान पुरं करावं, मग सवडीनं नजर उचलावी आणि ओळखीचं असलं तर नुसती पापणी हलवावी. मी पान पुरं करत होते. तेवढ्यात टेबलाच्या पलीकडच्या कडेला मला एक अंगठा दिसला. नखापाशी चपटा झालेला. तो जिभेला लागला, पुस्तकाच्या पानाच्या खालच्या कोपऱ्याशी आला, आणि पान न उलटता तिथेच जरा थबकून राहिला, पानाची परवानगी घ्यावी तसा. असं पान उलटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता, आमचे वडील. ते जाऊन इतकी वर्षं झाली की आता त्यांचा चेहरा आठवायला फोटो लागतो. पण अंगठा आठवायला काही लागत नाही. हातातल्या ओळी एकमेकींत मिसळल्या. वडील येणार नाहीत. मग त्यांचा अंगठा घेऊन जन्मलेला दुसरा माणूस जगात एकच होता. माझा दादा. माझा हात आपोआप छातीशी गेला आणि मनात देवाचं नाव आलं, मागणं म्हणून नव्हे. अंधारात पायरी चुकली की आपण कठडा धरतो ना, तसं.

दादाला घरात भोंगा म्हणत. ते नाव आईनंच ठेवलं होतं. हा रस्त्याच्या टोकाला हसला की घरातली भांडी हलतात, असं ती म्हणायची. तसं काही होत नसे, पण ती म्हणाली की आम्हाला ऐकू यायचं. मी त्याच्या उलट. शाळेत हजेरी देताना बाई तीनतीनदा माझं नाव घ्यायच्या आणि मी तिन्ही वेळा हजर म्हटलेलं असायचं. दादा मला चिमणी म्हणायचा. पुढे बसडेपोत गाड्यांची घोषणा करायची नोकरी त्याला लागली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. एक काचेची खोली, एक मायक्रोफोन, आणि फलाटाफलाटावर टांगलेले कर्णे. आई सगळ्यांना सांगायची, देवानं याला आवाज दिला आणि सरकारनं त्याला पगार लावला. त्यानं लग्न केलं नाही. आईच्या मते त्या आवाजापुढे कुठल्या बाईचं काही चाललंच नसतं. आणि त्याच आवाजात, आईला स्मशानात पोचवून आल्यावर, माझ्या जिन्यात उभा राहून तो म्हणाला होता, “मला मुद्दाम उशिरा कळवलंस. आई तू एकटीनं घेतलीस. आजपासून मला बहीण नाही.” सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली होती. मी कळवलं होतं. शेजारणीला तडक डेपोत पाठवलं होतं. काचेच्या खोलीबाहेर बसणाऱ्या माणसानं तिला थांबवलं, ड्युटी संपली की सांगतो म्हणाला, आणि ड्युटी संध्याकाळी संपली. हे मी त्याला जिन्यात सांगत होते. माझे ओठ हलत होते हे मला पक्कं आठवतं. पण त्याच्या आवाजाचा घुमारा अजून भिंतीतून उतरला नव्हता, आणि तो उतरेपर्यंत दादा रस्त्यावर पोचला होता.

त्यानंतर मी नेम धरला. सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारी बाराचा ठोका पडेपर्यंत बोलायचं नाही. कुणी सांगितलं म्हणून नाही, काही मागायचं म्हणूनही नाही. त्या जिन्यानंतर रोज सकाळी ते वाक्य कानात वाजायचं, आणि माझ्या लक्षात आलं की आपण गप्प राहिलो तर ते दुपारपर्यंत दमून जातं. मग गप्प राहण्यालाच हळूहळू एक गोडी आली, आणि त्या गोडीत देव होता, हे मला नंतर कळलं. नेम कडक ठेवला. बोलायचं नाही, लिहूनही सांगायचं नाही. लिहून बोलणं म्हणजे बोलणंच, फक्त चप्पल हातात घेऊन चालल्यासारखं. माझे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, अजूनही शेजाऱ्यांची करतात. सकाळी कुणी आलं की ते सांगतात, “आमच्याकडचं प्रक्षेपण दुपारनंतर सुरू होतं.” माणूस चांगला आहे. पण घरात मौन राखावं लागतं. बेल वाजते, फोन वाजतो, दूधवाला विचारतो, आणि प्रत्येकाला वाटतं की बाई रागावली आहे. म्हणून मी वाचनालयात यायला लागले. आमच्या वस्तीतलं हे वाचनालय म्हणजे दवाखान्याच्या मागची एक दुमजली, ओल धरलेली इमारत. खाली पुस्तकं, वर वाचायची खोली. इथे मौन राखावं लागत नाही, ते हवेसारखं असतंच. आपण फक्त आत यायचं. पहिल्याच दिवशी मला वाटलं, आपण एकटीनं ओंजळीत पाणी जपत चाललो होतो आणि समोर तळं आलं.

आणि तळ्यावर किती जण! पेपरवाले आजोबा: कानानं मंद, त्यामुळे त्यांची कुजबुजही दोन टेबलं ऐकतात. रात्रपाळी करून थेट येणारी नर्स: पुस्तक उघडते, अर्ध्या पानात झोपते, आणि तिला कुणी उठवत नाही, मांडीवरून पुस्तक घसरायला लागलं की शेजारचा कुणीही ते अलगद सारखं करतो. चपलांच्या दुकानातला विक्रेता: जेवणाच्या सुट्टीऐवजी सकाळीच तासभर येतो आणि फक्त समुद्रावरची पुस्तकं वाचतो; समुद्र त्यानं पाहिलेला नाही. परीक्षेला बसलेल्या मुली: घरी एका खोलीत सहा माणसं, इथे प्रत्येकीला टेबलाचा एक कोपरा. मी सगळ्यांच्या मधे बसायचे आणि पुस्तकाच्या वरून बघायचे. एवढी माणसं, एवढी डोकी, प्रत्येक डोक्यात वेगळा गाव, वेगळं भांडण, वेगळ्या शतकातला पाऊस, आणि खोलीत आवाज फक्त पानांचा. कित्येकदा मला वाटे, देवळात तरी याहून जास्त काय होतं? तिथेही माणसं शेजारी शेजारी बसतात आणि जिथे जायचं तिथे एकेकटी जातात. फरक इतकाच की इथे कुणी काही मागत नव्हतं. इथे नुसतं मिळत होतं.

अशा जागी दादा आला होता आणि माझ्या समोर बसला होता. मी पान पुरं केलं, म्हणजे ते संपेल इतका वेळ पानाकडे पाहत राहिले, आणि मग नजर उचलली. तो म्हातारा झाला होता. गळ्याभोवती उन्हाळ्यातही गुंडाळलेला मफलर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांच्याही पापण्या हलल्या नाहीत. मी बोलणार नव्हते, बाराला अजून वेळ होता. तो बोलेल, असं मला वाटलं. भोंगा आहे तो, इथे बोलू नये या पाटीला कधी जुमानेल? पण तो बोलला नाही. पुन्हा अंगठा जिभेला लागला, पानाशी थांबला. बाराच्या थोडं आधी तो उठला, पुस्तक टेबलावर नीट ठेवून निघून गेला. बाराचा ठोका पडला तेव्हा माझ्यासमोर रिकामी खुर्ची होती. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. तो रोज यायचा, रोज त्याच खुर्चीत बसायचा, रोज बाराच्या आधी उठायचा, आणि एक शब्द नाही. मला कळून चुकलं की बहीण नाही म्हणजे नाही. हा मला दाखवायला येतो की बघ, समोर बसूनही तू माझ्या लेखी नाहीस. घरी मी यजमानांना दुपारी हे सांगितलं. ते भिंगातून एका घड्याळात बघत म्हणाले, “एवढा राग धरायला माणसाला रोज वेळेवर यावं लागतं होय? मला तर राग आला की मी घरीच बसतो.” मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं ते. पण ते वाक्य माझ्याबरोबर झोपलं आणि माझ्याबरोबर उठलं.

मग एका सकाळी पेपरवाल्या आजोबांना पुरवणी हवी होती. ती दादाच्या कोपराखाली होती. आजोबा त्यांच्या त्या गडगडाटी कुजबुजीत म्हणाले, “अहो, ती रंगीत पुरवणी झाली असली तर सरकवा इकडे.” दादानं सरकवली. “आभारी आहे. नवीन दिसता. कुठे राहता?” दादानं हातानं खिडकीबाहेर दाखवलं. आजोबांना ते पुरेना. “बोला की, साहेब. ग्रंथपाल बाई ओरडणार नाहीत, त्या खाली आहेत. या समोरच्या ताई बोलत नाहीत ते मला माहीत आहे, त्या बारापर्यंत मौनात असतात, कित्येक वर्षं झाली, सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. मी म्हणतो, एका टेबलावर एक मौनी पुरे. तुमचंही व्रत आहे की काय?” दादानं एकदम माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तोवर तो एका रागावलेल्या बाईकडे पाहत होता. माझं मौन त्याच्या त्या वाक्यानंतर सुरू झालं होतं. त्याला ते कसं माहीत असणार? तो रोज येऊन वाट पाहत होता की ही कधी बोलते, आणि मी रोज वाट पाहत होते की हा कधी बोलतो. त्यानं आजोबांकडे वळून तोंड उघडलं. ओठ नीट हलले, शब्द नीट झाले, आणि त्यातून फक्त हवा आली. नळ सोडावा आणि पाणी गेलेलं असावं, तसा एक कोरडा सुस्कारा. त्यानं मफलरवर हात ठेवला. आजोबा म्हणाले, “अरेरे. घसा का?” आणि मग त्यांच्या आयुष्यातली बहुधा पहिली खरी कुजबूज त्यांनी केली, “माफ करा हं.” मी पुस्तकात मान घातली. मला काही दिसत नव्हतं. आमच्या घरात भांडी हलवणारा आवाज देवानं परत नेला होता आणि मला पत्ताही नव्हता. डेपोतल्या कर्ण्यांतून हल्ली यंत्रातली बाई बोलते, ते मी ऐकलं होतं. वाटलं, दादा निवृत्त झाला असेल. आणि तसंही आई गेल्यापासून घरातली डेपोच्या बाजूची खिडकी मी उघडत नव्हते.

त्या दिवशीही तो बाराच्या आधी गेला. बारा वाजल्यावर मी खाली ग्रंथपाल बाईंकडे गेले. जाड चष्म्याच्या, बारीक शरीराच्या, पुस्तकावर शिक्का मारताना डोळे मिटून घेणाऱ्या बाई. मी विचारलं, “माझ्या समोर बसतात ते, त्यांना काय झालंय?” त्या म्हणाल्या, “ताई, कोण काय वाचतं आणि कुणाला काय झालंय, हे या टेबलाच्या पलीकडे जात नाही. तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर मी सांगेन का?” मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे. त्यांनी शिक्का खाली ठेवला. “मग तर त्यांनाच सांगू दे,” त्या म्हणाल्या. “बारा वाजता त्यांना दवाखान्यात जावं लागतं, एवढं मी सांगू शकते, कारण ते इथल्या खिडकीतून सगळ्यांनाच दिसतं. आणि एक. पहिल्या दिवशी सभासद झाले तेव्हा मी त्यांना पंख्याखालची चांगली खुर्ची दाखवली. त्यांनी मान हलवली आणि तुमच्या समोरची दाखवली.”

दुसऱ्या सकाळी मी बसले होते आणि दादा वर आला. हातात नेहमीची कादंबरी नव्हती. एक मोठं, चित्रांचं, वस्तीतल्या पोरांनी हाताळून कडा मऊ झालेलं पक्ष्यांचं पुस्तक होतं. त्यानं ते उघडून माझ्याकडे फिरवलं आणि त्या चपट्या अंगठ्यानं एका नावाखाली रेघ ओढल्यासारखं केलं. चिमणी. खाली लिहिलं होतं: आवाज बारीक, पण दिवसभर, माणसांच्या वस्तीजवळ राहते. त्यानं ‘दिवसभर’ या शब्दावर बोट आपटलं आणि भुवया उंचावल्या, म्हणजे हे आता खोटं ना? मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्यातलं कुठलंच बाहेर सोडायचं नव्हतं. मी उठले. मनात वाद चालू झाला. हे बोलणं की काय? नेमाला चालेल का? लिहिणं नको, ते ठरलंय. पण शब्द माझा नाही, अक्षर माझं नाही, दुसऱ्या कुणीतरी कधीच छापून ठेवलेलं. मी नुसतं बोट ठेवणार. बोट ठेवणं म्हणजे वाचन. वाचनाला तर बंदी नव्हतीच. देवाला माझ्या या वकिलीचं हसू आलं असेल तर येवो. मी खाली जाऊन पाळीव जनावरांच्या आजारांचं पुस्तक आणलं आणि बैलाच्या पानावर ‘हट्टीपणा हा आजार नसून स्वभाव आहे’ या ओळीवर बोट ठेवलं. दादाचे खांदे हलले. तो हसत होता. आवाजाशिवाय हसणारा दादा मी कधी पाहिला नव्हता. ते हसू खांद्यांवरून, मानेवरून, डोळ्यांच्या कोपऱ्यांवरून वाहत होतं, जणू एवढी वर्षं त्या आवाजाच्या मागे ते दडून बसलेलं.

मग आमचं ते सुरू झालं. त्याच्या खिशात दवाखान्यात दाखवायला कागदपेन्सिल असायची, मी पाहिली होती, पण ती त्यानं माझ्यासमोर कधी काढली नाही. मला ते कळत होतं. आपल्या हातानं लिहिलेलं वाक्य आपलं असतं, आणि आमच्या दोघांत आपल्या शब्दांनी एकदा जखम केली होती. उसन्या शब्दांना ती धार नव्हती. शिवाय उसने शब्द शोधावे लागतात, आणि शोधताना माणूस निवळतो. तो सायकल दुरुस्तीच्या पुस्तकातून ‘साखळी सुटल्यास घाई करू नये’ आणायचा. मी बागकामातून ‘मुळे उघडी पडली तरी रोप जगते’ न्यायचे. तो मला एका प्रवासवर्णनातला ‘इथे सकाळी फार बरे वाटते’ हा तुकडा दाखवायचा. मी त्याला शिवणकामाच्या पुस्तकातलं ‘तुमचे माप पूर्वीपेक्षा कमी झाले आहे’ दाखवायचे, आणि तो मफलर सैल करून पोटावर हात फिरवायचा, म्हणजे खाल्लंय. चपलांच्या दुकानातल्या विक्रेत्यानं एकदा न सांगता त्याचं समुद्राचं पुस्तक आमच्याकडे सरकवलं, ‘भरती ठरल्या वेळी येतेच’ या ओळीवर उघडून. नर्स झोपेतून उठून म्हणाली, “तुमचं चालू द्या, मी ऐकत नाहीये,” आणि तिचं तिलाच हसू आलं, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. आणि मी रोज घरी जाताना एका विचारानं थरारून जायचे. आम्हाला जे जे एकमेकांना सांगायचं होतं ते सगळं त्या फळ्यांवर आधीच होतं. आम्ही जन्मायच्या आधीपासून काही. कुणी बैलांचा डॉक्टर, कुणी शिंपी, कुणी माळी आपापल्या खोलीत बसून आपापल्या कामाचं लिहून गेला; त्यांना काय ठाऊक की एका ओल धरलेल्या इमारतीत मुका भाऊ आणि मौनी बहीण त्यांच्या वाक्यांवर बोट ठेवून घर पुन्हा बांधतील? या वस्तीतल्या किती जणांची किती न बोललेली वाक्यं तिथे खाली उभी असतील, पाठीला पाठ लावून, कुणी येऊन बोट ठेवायची वाट बघत! मला फळ्यांमधून चालताना पदर सावरावासा वाटे.

पण त्याला एक विचारायचं होतं. ते मला दिसत होतं. हसून झालं की तो कधी कधी तसाच बसून राही, अंगठा पानाशी थबकलेला. आणि एका सकाळी त्यानं दोन पुस्तकं आणली. एक बाळाच्या संगोपनाचं. त्याच्या कव्हरवरच मोठ्या अक्षरांत ‘आई’ होतं. ते त्यानं माझ्यासमोर ठेवलं. दुसरी एक जुनी रहस्यकथा, पाठ निखळलेली. तिच्यात पार मागच्या पानावर एक इन्स्पेक्टर विचारत होता, “शेवटी ती काय म्हणाली?” दादाचा अंगठा त्या वाक्याखाली होता. रहस्यकथेतल्या इन्स्पेक्टरच्या तोंडून माझा भाऊ मला विचारत होता. दुसरा कुठला प्रसंग असता तर मला हसू आलं असतं. जिन्यातल्या त्या ओरडण्याच्या आत इतकी वर्षं हा प्रश्न होता, आणि मला वाटलं होतं की आत नुसता राग आहे. आई गेली तेव्हा ती एकट्या चिमणीचीच होती का? तिनं माझं नाव घेतलं का? हेच तो जिन्यात विचारत होता. फक्त फार मोठ्यानं.

मी उत्तर जाणत होते. ते मी रोज सकाळी जाणत होते. मी उठून खाली गेले आणि फळ्यांमधून हिंडले. ग्रंथपाल बाईंनी विचारलं नाही. त्यांनी नुसती शिडी माझ्याकडे सरकवली. मी आरोग्याच्या फळीशी थांबले. तिथे घरगुती उपचारांचं एक पुस्तक होतं, डागाळलेलं, हळदीच्या बोटांचं, तेलाच्या बोटांचं, किती घरांत किती आजाऱ्यांच्या उशाशी जाऊन आलेलं. मी घशाचं प्रकरण उघडलं. ते होतं. जवळजवळ तसंच्या तसं. आईचे शेवटचे शब्द तिच्या आधी कित्येक वर्षं छापले गेले होते आणि दवाखान्याच्या मागच्या या इमारतीत, मी ज्या जिन्यानं रोज वर जाते त्या जिन्याच्या खाली, उभे होते. मी पुस्तक दोन्ही हातांत धरून वर नेलं आणि दादासमोर ठेवलं. घसा बसल्यास गरम पाणी घ्यावे.

दादानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याच्या चेहऱ्यावर एक थकलेलं, समजूतदार हसू आलं, आणि मी चरकले. त्याला वाटलं होतं मी प्रश्न टाळला. त्याला वाटलं मी त्याच्या घशावर उपाय सांगतेय. त्यानं मफलरला हात लावला, मान हलवली, म्हणजे आता गरम पाण्यानं काय होणार, चिमणे. आणि पुस्तक हळूच मिटायला घेतलं. मी ते मिटू दिलं नाही. मी पुन्हा बोट आपटलं. मग ‘आई’ या शब्दावर आपटलं, मग पुन्हा या ओळीवर. त्याला कळेना. तो माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी काहीतरी चांगलंच सांगतेय, आणि त्याला ते ऐकू येत नाहीये. जिन्यात झालं होतं तसं, फक्त या वेळी तिथे कुठलाच आवाज नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात बाराला वेळ होता. थांबता आलं असतं. रोजच थांबत होते. पण मी त्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, हा नेम ज्याच्यामुळे धरला तोच जर समोर बसून विचारतोय, तर यापुढे गप्प राहणं म्हणजे देवाचं नव्हे, माझंच काहीतरी जपणं.

“दादा,” मी म्हटलं. माझा आवाज सकाळी कसा असतो हे मीच विसरले होते. तो कुणा परक्या बाईसारखा आला. “खिडकी उघडी होती. तिलाच उघडी हवी असायची, डेपोच्या बाजूची. रोज तुझा आवाज यायचा आणि ती म्हणायची, सातची सुटली, आता आठची सांगेल. त्या दिवशीही ती पडली होती, मी तिचा हात धरला होता, आणि तू बोलायला लागलास. कुठली गाडी ते मला नाही आठवत. तिनं मला हातानं गप्प केलं. म्हणाली, थांब, तो सांगतोय. तू सगळं सांगून होईपर्यंत तिनं ऐकलं. मग म्हणाली, आज घसा बसलाय त्याचा. गरम पाणी घे म्हणावं. बस. त्यानंतर काही नाही बोलली. तू नव्हतास असं नाही, दादा. तू होतास. शेवटचं तिनं तुलाच ऐकलं.”

मी मान वर केली तेव्हा खोलीत एकही पान वाजत नव्हतं. परीक्षेच्या मुलींची पेनं वर राहिली होती. पेपरवाल्या आजोबांनी पेपर तोंडापुढे धरला होता आणि तो उलटा होता. जिन्याच्या तोंडाशी ग्रंथपाल बाई उभ्या होत्या, हातात कुणाचं तरी परत आलेलं पुस्तक. मला वाटलं त्या आता पाटीकडे बोट दाखवतील, आणि त्यांचंही बरोबरच असेल. दादा उठला. खाली गेला. पायऱ्यांवर त्याची पावलं चुकत होती. तो मुलांच्या फळीपर्यंत गेला असावा, कारण परत आला तेव्हा त्याच्या हातात मोठ्या अक्षरांचं एक चित्रांचं पुस्तक होतं. त्यानं ते उभ्या उभ्याच उघडून माझ्यासमोर धरलं. चित्रात एक पोर पांघरुणातून डोकं बाहेर काढून बसलं होतं, आणि त्याच्या तोंडून निघालेल्या ढगात दोनच शब्द होते. पुन्हा सांग.

ग्रंथपाल बाई आत आल्या. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद केला. तो मोठा आवाज करत होता, हे तो थांबल्यावर सगळ्यांना कळलं. मग त्या मागच्या टेबलावर, मुलींच्या शेजारी, जागा करून बसल्या.

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, खिडकीपासून, जरा मोठ्यानं. आईच्या वाक्याशी पोचले तेव्हा दादाचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले होते.